एड्सखर डाइक्स्ट्रा

एड्सखर वीबे डाइक्स्ट्रा (११ मे १९३०, रॉटरडॅम – ६ ऑगस्ट २००२, न्यूनेन) हे डच संगणकशास्त्रज्ञ होते. एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रक्रियांनी एकमेकींच्या कामात विघ्न न आणता सामाईक साधने कशी वापरावीत, या प्रश्नाला शास्त्रीय रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. परस्परवर्जन, सेमाफोर, कोंडी आणि स्वयंस्थिरीकरण या संकल्पना आज संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकाव्या लागतात. त्यांची मूळ मांडणी १९६५ ते १९७४ या दशकात डाइक्स्ट्रा यांच्या लेखनातून झाली. सामान्य वाचकाला मात्र ते दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याच्या रीतीमुळे अधिक परिचित आहेत. १९७२ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्यांच्या आडनावाचा भारतीय वर्गांमधील उच्चार बहुधा ‘डिजक्स्ट्रा’ किंवा ‘डिक्स्ट्रा’ असा ऐकू येतो. रोमन लिपीत या नावात आय, जे आणि के ही अक्षरे ओळीने येतात. पैकी पहिल्या दोन अक्षरांचा डच भाषेत ‘आय’ला जवळचा असा एकच स्वर होतो, जे मुळी उच्चारले जात नाही.

बालपण आणि शिक्षण

डाइक्स्ट्रा हे चार भावंडांपैकी तिसरे. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक होते आणि डच रसायन संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते. आई गणिताची जाणकार होती. तिने कधी नोकरी केली नाही, परंतु सुबक आणि नेमक्या युक्तिवादाची गोडी मुलाला तिच्याकडून लागली असे मानले जाते. रॉटरडॅमच्या इरास्मियानम विद्यालयात त्यांचे शालेय शिक्षण झाले. कायद्याचा अभ्यास करून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे, असा त्यांचा आरंभीचा विचार होता. १९४८ साली शालान्त परीक्षेत गणित व विज्ञान या विषयांत उत्तम गुण मिळाल्यावर मात्र ते लायडन विद्यापीठात दाखल झाले आणि पुढे सैद्धान्तिक भौतिकशास्त्राकडे वळले.

१९५१ साली वडिलांच्या प्रोत्साहनाने त्यांनी केंब्रिज येथे संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा तीन आठवड्यांचा वर्ग केला. या वर्गामुळे त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. मार्च १९५२ पासून ते अ‍ॅम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात (माथेमाटिश सेंट्रम) प्रोग्रामर म्हणून काम करू लागले. त्या काळी नेदरलँड्समध्ये हा व्यवसाय अस्तित्वातच नव्हता. भौतिकशास्त्र की आज्ञावलीलेखन या द्विधा मनःस्थितीत ते जवळजवळ तीन वर्षे होते. ज्या विद्येला शिस्त नाही, आधारभूत ज्ञान नाही, तिला आयुष्य वाहावे काय, हा त्यांचा प्रश्न होता. केंद्रातील त्यांचे वरिष्ठ आद्रियान फान वाइनगार्डन यांनी, ही शिस्त निर्माण करणाऱ्यांपैकी एक होण्याची संधी तुमच्यापुढे आहे, असे समजावल्यावर त्यांनी निर्णय घेतला. १९५७ साली मारिया डेबेट्स यांच्याशी विवाह करताना त्यांनी नोंदणीत व्यवसाय ‘प्रोग्रामर’ असा सांगितला. असा व्यवसाय नसतो म्हणून अधिकाऱ्यांनी तो नाकारला आणि शेवटी ‘सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ’ अशी नोंद झाली. मारिया स्वतः त्याच केंद्रात आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांच्या गटात होत्या.

जवळच्या मार्गाची रीत

१९५६ साली गणित केंद्राच्या ‘आर्माक’ या नव्या संगणकाचे उद्घाटन व्हायचे होते. गणित न जाणणाऱ्या पाहुण्यांनाही समजेल असे प्रात्यक्षिक हवे होते. डाइक्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधील दोन शहरांमधील सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याचा प्रश्न निवडला व त्यासाठी ६४ शहरांचा नकाशा घेतला. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूसह खरेदीला गेले असता थकून ते एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी घेत बसले आणि तेथे साधारण वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय, त्यांना ही रीत सुचली. ती १९५९ साली जेमतेम तीन पानांच्या टिपणात प्रसिद्ध झाली. आज इंटरनेटवरील माहितीची वाहतूक ठरविणाऱ्या एका प्रमुख पद्धतीचा ती पाया आहे आणि रस्ते दाखविणाऱ्या अ‍ॅपमधील मार्गशोधाच्या अनेक पद्धती तिच्यापासून निघाल्या आहेत. डाइक्स्ट्रा यांच्या मते कागद जवळ नसल्यामुळेच ती इतकी सुटसुटीत झाली.

व्यत्ययाची धास्ती

डाइक्स्ट्रा यांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ एका यंत्रातील लहानशा सुधारणेत आहे. ‘एक्स-१’ हा संगणक तयार करताना यंत्ररचनाकार ब्राम लूप्स्ट्रा व कारेल स्कोल्टेन यांनी व्यत्ययाची (इंटरप्ट) सोय सुचविली. तोपर्यंत संगणक टंकयंत्रासारख्या सावकाश उपकरणाची वाट पाहत खोळंबून राही. व्यत्ययाची सोय झाल्यास त्याने मधल्या वेळात दुसरे काम करावे आणि उपकरण तयार झाले की ते संगणकाला खूण करील, अशी कल्पना होती.

वेळेची बचत उघड होती, परंतु डाइक्स्ट्रा धास्तावले. व्यत्यय नेमका कोणत्या क्षणी येईल हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे तीच आज्ञावली, तीच माहिती देऊन दोनदा चालविली तरी घटनांचा क्रम दोन्ही वेळी सारखा राहील याची शाश्वती नाही. एखादी चूक हजारांतून एकदाच प्रकट होणार आणि शोधायला जावे तर पुन्हा दिसणारच नाही. अशा आज्ञावलीची चाचणी घेऊन काय सिद्ध होणार? त्यांनी काही महिने या निर्णयाला संमती दिली नाही. व्यत्यय आला त्या क्षणाची यंत्राची अवस्था जशीच्या तशी जपून ठेवून नंतर पूर्ववत कशी करावी, हे पूर्णपणे उलगडल्यावरच ते राजी झाले. याच कामावर त्यांनी १९५९ साली अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर ऑगस्ट १९६० मध्ये त्यांनी याप झोनेव्हेल्ड यांच्यासह याच यंत्रासाठी अल्गोल-६० भाषेचा कंपायलर पूर्ण केला. तो अल्गोल-६०च्या अगदी पहिल्या कंपायलरांपैकी होता.

सहकारी प्रक्रिया

१९६२ साली डाइक्स्ट्रा आइंडहोवेन येथील तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथील वास्तव्यात त्यांनी जे लिहिले ते त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य होय.

मूळ प्रश्न असा. दोन प्रक्रिया एकाच वेळी चालू आहेत आणि दोघींना एकाच साठ्यातील आकडा बदलायचा आहे. पहिलीने आकडा वाचला, तिने नवा आकडा लिहिण्यापूर्वीच दुसरीनेही जुना आकडा वाचला. दोघींनी आपापली भर घातली व आळीपाळीने लिहिले. परिणामी एकीची भर नाहीशी होते आणि कोणाचीही चूक झालेली दिसत नाही. संयुक्त खात्यातील दोन भागीदार एकाच क्षणी दोन खिडक्यांवर उभे राहिले तर जमाखर्चाची जी गत होईल, तीच ही. म्हणून आज्ञावलीतील अशा नाजूक भागात एका वेळी एकच प्रक्रिया असावी हे पथ्य आवश्यक ठरते. यालाच परस्परवर्जन म्हणतात. दोन प्रक्रियांसाठीचे पहिले निर्दोष उत्तर गणितज्ञ टी. जे. डेकर यांनी दिले, हे डाइक्स्ट्रा यांनी आवर्जून नोंदविले आहे. कितीही प्रक्रिया असल्या तरी लागू पडेल असे उत्तर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. तो लेख सुमारे एका पानाचा आहे.

ते उत्तर बरोबर असले तरी गुंतागुंतीचे होते आणि थांबलेली प्रक्रिया विनाकारण चकरा मारीत राही. म्हणून त्यांनी सेमाफोर हे साधन कल्पिले. हा शब्द रेल्वेच्या हात असलेल्या सिग्नलावरून आला आहे. एकेरी लोहमार्गावर एक गाडी असेपर्यंत सिग्नलाचा हात दुसरीला अडवून धरतो. ती बाहेर पडली की मार्ग मोकळा होतो. संगणकातील सेमाफोर म्हणजे एक साधा आकडा. त्यावर दोनच क्रिया करता येतात आणि त्या मध्येच तोडता येत नाहीत. एक क्रिया आकडा कमी करते व तसे शक्य नसल्यास प्रक्रियेला निजवून ठेवते; दुसरी तो वाढविते व थांबलेल्यांपैकी एकीला जागे करते. या क्रियांना त्यांनी डच शब्दांवरून पी आणि व्ही अशी नावे दिली. पैकी पी हे अक्षर, कमी करण्याचा प्रयत्न अशा अर्थाचा एक जोडशब्द स्वतः घडवून, त्यावरून घेतले. डच न जाणणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ही दोन अक्षरे अर्थ न कळता पाठ केली आहेत.

पथ्य पाळले तरी दुसरे संकट उरतेच. एकीच्या हाती एक साधन आहे आणि तिला दुसरे हवे. दुसरीच्या हाती ते दुसरे आहे आणि तिला पहिले हवे. दोघीही नियमाने वागत आहेत आणि दोघीही कायमच्या अडून बसल्या आहेत. ही कोंडी समजावण्यासाठी त्यांनी १९६५ साली विद्यार्थ्यांना परीक्षेत एक प्रश्न घातला, त्यात पाच संगणक फितीच्या यंत्रांसाठी स्पर्धा करीत होते. पुढे त्याला गोल मेजाभोवती जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचे रूप मिळाले. प्रत्येक दोघांमध्ये एकच काटा आणि जेवायला मात्र दोन काटे हवेत. सर्वांनी एकदम डावीकडचा काटा उचलला की सगळेच उपाशी. हे नामकरण ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होअर यांचे आहे. कोंडी होण्यापूर्वीच टाळण्यासाठी डाइक्स्ट्रा यांनी सावकाराची रीत मांडली. मर्यादित भांडवलाचा सावकार प्रत्येक ऋणकोची कमाल गरज आधी विचारून ठेवतो आणि शेवटी सर्वांचे व्यवहार पुरे होतील असा निदान एक क्रम शिल्लक राहत असेल तरच नवी उचल देतो.

हे सर्व विचार ‘सहकारी क्रमिक प्रक्रिया’ या १९६५ सालच्या प्रदीर्घ टिपणात एकत्र आले आहेत. त्यात एक गृहीत वारंवार येते: कोणती प्रक्रिया किती वेगाने चालेल याविषयी काहीही मानून चालायचे नाही. एक जलद, दुसरी मंद, तिसरी मध्येच थबकलेली, असे असले तरी परिणाम बरोबरच यायला हवा. या एका अटीमुळे चाचणीवर विसंबणे अशक्य झाले आणि सिद्धता अपरिहार्य ठरली.

टीएचई प्रणाली

विचार प्रत्यक्षात उतरतात की नाही, हे पाहण्यासाठी डाइक्स्ट्रा यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह ‘एक्स-८’ या संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली. विद्यापीठाच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून ती टीएचई या नावाने ओळखली जाते. तिची रचना थरांची होती. तळच्या थराने प्रोसेसरचा वेळ वाटून द्यायचा, त्यावरील थराने स्मृतीची व्यवस्था पाहायची, मग चालकाशी संभाषण, मग माहितीची आवकजावक आणि त्यावर वापरकर्त्यांच्या आज्ञावल्या. वरचा थर खालच्यावर विसंबतो, खालचा वरच्यावर कधीही नाही. त्यामुळे एकेक थर पक्का करीत वर जाता आले. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार चाचणीत केवळ किरकोळ लेखनदोष सापडले, तेही साधारण ५०० आज्ञांमागे एक.

प्रणाली यशस्वी झाली, पण विभागातील गणितज्ञांना तिचे महत्त्व वाटले नाही आणि तो गट विखुरला. यानंतर डाइक्स्ट्रा यांना नैराश्याने ग्रासले. त्यातून सावरताना त्यांनी रचनाबद्ध आज्ञावलीलेखनावरील टिपणे लिहिली. ओले-योहान दाल व होअर यांच्यासह १९७२ साली निघालेल्या पुस्तकात ती समाविष्ट झाली. त्याआधी, १९६८ साली, त्यांनी ‘गो टू’ या आज्ञेच्या अतिवापराविरुद्ध लिहिलेले पत्र गाजले होते. त्या पत्राचे प्रसिद्ध शीर्षक मात्र त्यांचे नसून संपादक निकलाउस विर्थ यांनी दिलेले आहे.

वितरित नियंत्रण

१९७३ साली डाइक्स्ट्रा बरोज या संगणक कंपनीचे संशोधक झाले आणि न्यूनेन येथील घरातल्या अभ्यासिकेतून काम करू लागले. आठवड्यातून एकदा विद्यापीठात जाऊन ते ‘मंगळवार दुपार मंडळ’ भरवीत. त्यात एखादा लेख सर्वांनी मिळून ओळीओळीने तपासायचा असे.

१९७४ साली त्यांनी दोन पानांचा लेख लिहिला. अनेक यंत्रे वर्तुळात जोडली आहेत, प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची अवस्था दिसते, वर कोणी मुकादम नाही. सुरुवातीला कितीही गोंधळ असला तरी स्थानिक नियम पाळून ही यंत्रे आपोआप शिस्तीत येऊ शकतील काय? येऊ शकतात, असे डाइक्स्ट्रा यांनी दाखविले. यालाच स्वयंस्थिरीकरण म्हणतात. लेखाकडे जवळजवळ दहा वर्षे कोणी पाहिले नाही. १९८३ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका परिषदेत त्याची मुक्तकंठाने वाखाणणी केल्यावर या विषयाची स्वतंत्र शाखाच निर्माण झाली. याच काळातील दुसरे काम स्कोल्टेन यांच्यासह केलेले. कामे एकमेकांकडे सोपवीत जाणाऱ्या अनेक यंत्रांचे सगळे काम खरोखर संपले आहे हे ओळखायचे कसे, हा त्यातील प्रश्न. एखादे यंत्र स्वस्थ दिसते, पण त्याच क्षणी त्याच्याकडे नवे काम वाटेत असू शकते. त्यांच्या १९८० सालच्या उत्तरात प्रत्येक कामाची पोच देणाऱ्याकडे परत जाते आणि सर्व पोचा मूळ यंत्राकडे जमा झाल्या की काम संपले असे ठरते.

ऑस्टिन आणि अखेरची वर्षे

१९८४ साली ते अमेरिकेतील ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक झाले. समांतर आज्ञावलींवर मोलाचे संशोधन करणारे, मूळचे ओडिशाचे जयदेव मिश्र हे तेथे त्यांचे सहकारी होते. डाइक्स्ट्रा व्याख्यानासाठी फळा आणि खडू एवढेच वापरीत. संगणक हा विषय शिकविणाऱ्या या प्राध्यापकाच्या घरी बराच काळ संगणक नव्हता. मोझार्टचे संगीत आणि पियानो हे त्यांचे विरंगुळे होते. १९९९ साली ते निवृत्त झाले. कर्करोग झाल्यावर २००२ च्या आरंभी ते न्यूनेनला परतले आणि त्याच वर्षी ६ ऑगस्ट रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. स्वयंस्थिरीकरणावरील लेखाला त्या वर्षी वितरित संगणनातील प्रभावी शोधनिबंधाचा पुरस्कार देण्यात आला. पुढील वर्षापासून त्या पुरस्काराला डाइक्स्ट्रा यांचे नाव आहे.

मतभेद

डाइक्स्ट्रा यांची लेखणी धारदार होती आणि ती पुष्कळांना लागली. बेसिक व कोबोल या भाषांवर त्यांनी केलेली टीका अतिशयोक्त होती. ‘गो टू’विषयीच्या पत्राला डोनाल्ड नुथ यांनी १९७४ साली, ही आज्ञा कोठे उपयुक्त आहे हे दाखवीत, तोलून उत्तर दिले. मोठ्या आज्ञावलींची गणिती सिद्धता व्यवहारात अशक्य आहे, असा आक्षेप १९७९ साली डीमिलो, लिप्टन व पर्लिस यांनी घेतला. हा आक्षेप अजून पूर्णपणे निरस्त झालेला नाही. समांतर प्रक्रियांच्या क्षेत्रात मात्र काळाने डाइक्स्ट्रा यांची बाजू अधिक उचलून धरली, कारण तेथील दोष चाचणीत सापडत नाहीत हे उद्योगांनाही अनुभवाने पटले.

आजचा संदर्भ

ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि इंटरनेटवरील सेवा यांपैकी कशाचेही काम परस्परवर्जनाशिवाय चालत नाही. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतही सेमाफोर, सावकाराची रीत व जेवणारे तत्त्वज्ञ हे परीक्षेतील ठरलेले प्रश्न आहेत. २०२० नंतरच्या दशकात, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित अनेक कोडलेखक एजंट एकाच सॉफ्टवेअरवर एकदम कामाला लावण्याची पद्धत रूढ होऊ लागल्यावर हे जुने प्रश्न नव्या वेशात समोर आले. दोन एजंटांनी एकच फाइल बदलली की एकाचा बदल हरवतो. म्हणून प्रत्येकाला संहितेची स्वतंत्र प्रत देऊन काम शेवटी एकत्र जोडले जाते, किंवा फाइलीला कुलूप लावले जाते. एकाचे काम दुसऱ्याच्या उत्तरावर आणि दुसऱ्याचे पहिल्याच्या उत्तरावर अडले की कोंडी होते. काम उपएजंटांकडे सोपविले असता सगळे संपले असे केव्हा समजायचे, हा तर १९८० सालचाच प्रश्न.

साम्य येथवरच आहे. डाइक्स्ट्रा यांच्या प्रक्रियांचे वर्तन नेमक्या आज्ञांनी बांधलेले असते, त्यामुळे त्यांच्याविषयी सिद्धता देता येते. एजंटाला सूचना दिली जाते ती बोलीभाषेत, आणि कामे वेगवेगळ्या प्रतींवर केली तरी दोघांनी एकाच गोष्टीचा परस्परविरोधी अर्थ लावलेला असू शकतो. अशी विसंगती कुलपाने टळत नाही. नैसर्गिक भाषेतून यंत्राला आज्ञा देण्याच्या कल्पनेवर डाइक्स्ट्रा यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक स्वतंत्र टिपण लिहून ती खुळी ठरविली होती. बोलीभाषेत निरर्थक विधानही अर्थपूर्ण भासते, तर चिन्हांच्या भाषेत अनेक चुका करताच येत नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. यंत्रांना माणसासारखे कल्पून त्यांच्याविषयी बोलण्यासही त्यांचा विरोध होता. तसे केल्याने विचार घटनांच्या क्रमात अडकतो आणि सिद्धतेपर्यंत पोहोचत नाही, असे ते मानीत.

लेखनसंग्रह

डाइक्स्ट्रा आपली टिपणे बहुधा फाउंटन पेनने सुवाच्य अक्षरात लिहीत, त्यांना आपल्या नावाच्या आद्याक्षरांसह क्रमांक देत आणि छायाप्रती मित्रांना पाठवीत. त्यांतली बहुसंख्य कोणत्याही नियतकालिकात छापली गेली नाहीत. ज्यांना मिळत ते पुन्हा प्रती काढून पुढे पाठवीत. मूळ कागद टेक्सास विद्यापीठाच्या ब्रिस्को केंद्रात जतन केलेले असून त्यांच्या प्रती इंटरनेटवर खुल्या आहेत. शेवटच्या टिपणाचा क्रमांक १३१८ असून त्यावर १४ एप्रिल २००२ ही तारीख आहे.